घोड्याच्या पोटातली धूळ

मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारी बाई. जळगावच्या एका कॉलेजात टेस्टट्यूब द्यायच्या, परत घ्यायच्या आणि फुटलेल्यांबद्दल मुलांवर ओरडायचं, हे माझं काम. अशा बाईचा प्राचीन इतिहासाशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कुणा दात्याने कॉलेजला जुन्या वस्तूंनी भरलेली एक ट्रंक दिली. त्यातलं खरोखर जुनं काय आणि बनावट काय हे ठरवायची वेळ आली, तेव्हा प्राचार्य मला म्हणाले, "ॲसिडं तुमच्याच कपाटात असतात ना?" माझी निवड होण्यासाठी एवढी पात्रता पुरली.

शिकायला मला धुळ्याला पाठवलं. देवपुरात इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतून जुन्या वस्तू जमवल्या होत्या, आणि त्या वस्तूंनी बैठकीची खोली, मधली खोली आणि जिना व्यापला होता. त्यांच्या पत्नीच्या ताब्यात फक्त स्वयंपाकघर उरलं होतं. मी रविवारी एसटीने जाई, सरांसमोर बसे आणि भिंगातून पाहायला शिके.

सर सांगत, तांब्या-पितळेची वस्तू मातीत राहिली की तिच्यावर पुट चढतं. खऱ्या पुटाला थर असतात. धातूला चिकटून लालसर, त्यावर हिरवा, आणि त्या हिरव्यात घट्ट रुतून बसलेले मातीचे, खनिजांचे कण. बनावट करणारा मोरचूद आणि मीठ लावून वस्तू झटपट हिरवी करतो, पण तो रंग वरवरचा असतो. गरम पाण्याने किंवा स्पिरिटने सुटतो. धूळसुद्धा तो डिंकात कालवून खाचांत भरतो. ती भिंगाखाली चाळलेल्या पिठासारखी दिसते, एकसारखी. खरी धूळ अशी शिस्तीत बसत नाही. तिच्यात काचेसारखे कण असतात, काळे असतात, मोठे-लहान असतात.

"पुट चढवते ती जमीन," सर म्हणत. "तेव्हा वस्तू हातात घेतली की आधी जमिनीची चौकशी करायची. कुठली, कशी, तिच्यात काय काय घातलं गेलं."

थर, रंग, कण हे सगळं मी पाठ केलं. जमिनीची चौकशी हा भाग मला चहा येईपर्यंतच्या गप्पांतला वाटला, म्हणून सोडून दिला.

त्यानंतर माझ्याइतकी त्रासदायक बाई जळगावात दुसरी नसेल. भिंग माझ्या पर्समध्ये कायम असायचं. लग्नाला गेले की मी नवरीच्या आधी समई पाहायची. देवळात गेले की घंटा. पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या काकूंच्या बैठकीत एक लामणदिवा टांगलेला होता, खापरपणजोबांच्या वेळचा. निदान काकू तसं सांगत. एक दिवस मी त्यांच्याकडे गरम पाणी आणि कापूस मागितला. काकूंना वाटलं मला काही लागलंय. मी दिवा पुसला. कापूस हिरवा झाला, काकू लाल झाल्या.

"तुमच्या खापरपणजोबांनी हा गेल्या दिवाळीत घेतला असेल," मी म्हणाले.

त्या हिवाळ्यात काकूंकडून भरीत आलं नाही. खानदेशात हिवाळ्यात शेजारून भरीत येत नाही म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नवरा ताटावर बसला की म्हणायचा, "दिवा खोटा होता ना? खा मग दिव्याला लावून भाकरी."

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी रावेरकडून निरोप आला. तिकडे माझे मोठे दीर शेती बघत. आमच्याकडे त्यांना जेठ म्हणतात. मी त्यांचा उल्लेख भाऊ असा करी, आणि जाऊबाईंना अक्का म्हणे. भाऊंनी केळीची जुनी बाग काढून टाकली होती आणि मृगात नवी लावायला शेत नांगरत होते. नांगराला काहीतरी लागलं होतं. निरोप असा होता की शिकलेल्या सुनेला पाठवा.

माझ्या आयुष्यात इतका गोड निरोप मला कधी आला नव्हता. मी स्पिरिट, कापूस, भिंग आणि कॉलेजातून आणलेल्या दोन बाटल्या पिशवीत भरून पहिली एसटी धरली.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या घरात जेठ आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, तो मान होता. एकमेकांच्या जवळ उभंही राहायचं नाही. काही विचारायचं असेल तर मधे कुणीतरी लागायचं, आणि आमच्या मधे कायम अक्का असत. कॉलेजात मी भर वर्गात मुलांना फैलावर घेई, पण शेतात गेले की डोक्यावर पदर घेऊन गप्प. मला त्यात काही गैर वाटत नसे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि भाऊंचा एक शब्द थेट माझ्या वाट्याला आला नव्हता. संसार काही अडला नव्हता.

भाऊ शेताच्या त्या टोकाला बैलांपाशी उभे होते. मी या टोकाला चिंचेखाली. अक्कांचे गुडघे दुखत, ऊन मेचं, आणि मधे नांगरलेली ढेकळं.

घोडा गोणपाटावर ठेवला होता. मुठीएवढा, वर स्वार बसलेला. पुट इतकं जाड की स्वाराचं तोंड दिसत नव्हतं. घोड्याचा एक पाय गुडघ्यापासून तुटलेला. पोट पोकळ, आणि त्या पोकळीत धूळ घट्ट बसलेली. "अक्का, भाऊंना विचारा, नक्की कुठे सापडला?"

अक्का ढेकळं तुडवत गेल्या. लांबून मला भाऊ हात हलवून बोलताना दिसत होते. बराच वेळ बोलले. एकदा कोपऱ्याकडे बोट केलं, एकदा आभाळाकडे, एकदा घराकडे. अक्का परत आल्या, चिंचेच्या मुळावर बसल्या, पदराने वारा घेतला.

"त्या कोपऱ्यात," त्या म्हणाल्या.

"इतकं बोलले ते, आणि कोपऱ्यात?"

"तुह्या कामाचं त्यात तेवढंच व्हतं."

"बाकी काय म्हणाले?"

"बाकी घरचं. पाऊस, पोते, असं. तुले कायले पाह्यजे ते?"

मला नकोच होतं. मी घोडा हातात घेतला. स्पिरिट लावलं, पुट हललं नाही. गरम पाणी लावलं, हललं नाही. एका कडेला सुईने खरवडलं, तर हिरव्याखाली लालसर थर. भिंगाखाली हिरव्यात रुतलेले मातीचे कण, एकसारखे नसलेले, अगदी सरांनी सांगितले तसे. थोडी भुकटी काढून बाटलीतल्या थेंबांनी तपासली. दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे क्लोराइड, आणि तेही भरपूर. इतका क्षार मातीतून धातूत शिरायचा म्हणजे काळ गेला पाहिजे. पोटातली धूळ टोकरून मी फिल्म रोलच्या रिकाम्या डबीत घेतली. ती गुलाबीसर होती, चमकणारी. असा कण मी सरांकडे कधी पाहिला नव्हता. न पाहिलेलं ते दुर्मीळ, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला.

"काही शतकं तरी जुना आहे," मी जाहीर केलं. "त्यांना सांगा, इथे आता नांगर लावायचा नाही. ढेकूळसुद्धा हलवायचं नाही. धुळ्याचे सर येऊन पाहतील, आणखी काही निघेल, मग बघू."

अक्का गेल्या. भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. चिंचेकडे पाहिलं. मला वाटलं माझ्याकडे पाहताहेत. खरं म्हणजे ते माझ्या पाठीमागे पाहत होते. तिथे सावलीत केळीच्या कंदांचा ढीग होता, मृगात लावायला निवडून आणलेला. भाऊंच्या विहिरीचं पाणी पुरेल असा हा एकच तुकडा. बाकीची जमीन कोरडवाहू. वर्षाचं सगळं या ढिगात होतं. कंद फार दिवस थांबत नाहीत. वरचे सुकतात, खालचे सडतात. हे केळीच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी लग्नाआधीही केळीच्याच घरातली होते.

अक्का परत आल्या. "बरं म्हणाले."

"बरं? एवढंच?"

"आणखी काय म्हणतीन?"

मी घोडा आणि डबी घेऊन जळगावला आले. सर तेव्हा मुलीकडे नाशिकला गेलेले, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. ते आल्याशिवाय काही ठरणार नव्हतं. मला घाईही नव्हती. कॉलेजात मी स्टाफरूमच्या टेबलावर घोडा ठेवला आणि जो येईल त्याला थर दाखवले. डबीवर कागद चिकटवून 'गुलाबी खनिज कण, दुर्मीळ' असं सुवाच्य लिहिलं. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव येईल हो कुठेतरी." मी "छे, नावाचं काय" म्हणाले आणि मनात नाव कोणत्या अक्षरात येईल ते पाहत राहिले.

नवरा मधेमधे शेतावर जाऊन यायचा. "कंदांवर ओली पोती टाकलीत," एकदा म्हणाला. पुढच्या वेळी, "भाऊ जेवायला बसतात ते चिंचेकडे तोंड करून." त्याच्या पुढच्या वेळी, "शेजारच्यांची लावणी झाली. आपल्या बांधावर येऊन लोक विचारतात, घोडा काय म्हणतो?"

"मग भाऊ काय म्हणतात?"

"म्हणतात, आमची सून सांगेल तसं."

ते ऐकून मला बरं वाटलं. आज ते आठवलं की कान धरावेसे वाटतात.

सर परत आल्याचं कळल्यावर त्याच दिवशी मी घोडा जेवणाच्या डब्यात घालून धुळ्याला गेले. एका डोळ्यावर हिरवी झापड लावलेले सर दारातच होते. घोडा हातात घेऊन त्यांनी उरलेल्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"पुट खरं आहे," ते म्हणाले. मी खुर्चीत जरा सैलावले. "फार सुंदर आहे. थर आहेत, कण आहेत. जमीन कसली?"

"केळीची."

"किती वर्षं केळी?"

"कायमच."

"हं," ते म्हणाले आणि डबी उघडली. त्यांनी कण तळहातावर घेतले, खिडकीशी नेले, चिठ्ठी वाचली. "हे गुलाबी खनिज कुठलं? तापीच्या गाळात असलं काही येत नाही. तुम्ही रसायनवाल्या. तुम्हीच सांगा."

खिडकीतल्या उजेडात त्यांच्या तळहातावर ते कण पडले होते, आणि ते आधी कुठे पाहिले होते ते मला आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा शेत पाहायला गेले होते, तेव्हा त्या कोपऱ्यात खताची खोली होती, पुढे पाडली ती. तिच्या सावलीत एका फाटक्या पोत्यावर बसून मी भाकरी खाल्ली होती आणि उठल्यावर नव्या साडीला मागे असेच गुलाबी कण चिकटले होते. पोटॅश. केळीला पोत्यांनी घालतात तो. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते.

"सर, गॅस कुठे आहे?" मी विचारलं.

सरांच्या पत्नी भाकरी थापत होत्या. मी एक सुई मागितली आणि एक निळी काचेची बाटली. "निळी बाटली?" त्या म्हणाल्या. "बठ्ठं घर इतिहासनं भरेल शे, आते चूल बी लागनी का?" पण तवा उतरवून त्यांनी फडताळातून औषधाची निळी बाटली काढून दिली. "फोडू नको माय, मन्ही सासूनी शे."

मी एक स्वच्छ कण सुईच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवायची: सोडियमची पिवळी ज्योत मधे येते, म्हणून निळ्या काचेतून पाहा, पोटॅशियम असेल तर जांभळट दिसेल. बाटलीतून पाहिलं. जांभळट दिसलं. दुसरा कण धरला. तोही जांभळट. सरांनी पाहिलं, त्यांच्या पत्नीनेही पाहिलं आणि म्हणाल्या, "छान शे रंग."

मी खताच्या खोलीचं सांगितलं तसे सर हसू लागले. डोळ्याला ताण पडू नये म्हणून तोंड धरून हसत होते. "अहो, पुट काही खोटं नाही. वय खोटं आहे. पोती भिजली असतील, पाणी खाली मुरलं असेल. क्लोराइडच्या चिखलात बसलं की पितळ थोड्या वर्षांत म्हातारं होतं. घोडा मला द्या, शिकवायला कामाला येईल. वरच्या शेल्फवर ठेवतो."

"ठेवा," मी म्हणाले. "मला गाडी गाठायची आहे."

"जेवून जा की."

"कंद सडताहेत, सर."

धुळ्याहून जळगाव, जळगावहून रावेरकडे. वाटेत मी अक्कांना काय सांगायचं, त्यांनी ते भाऊंना कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. शेतावर पोचले तर अक्का नव्हत्या. बोदवडला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. घराला कडी. भाऊ एकटे चिंचेखाली, पोती बाजूला करून कंद चाळत बसलेले. बाजूला बैल.

मी पदर सारखा केला. मधे घ्यायला कुणीच नव्हतं. शेवटी चिंचेच्या बुंध्याकडे तोंड करून म्हणाले, "घोडा जुना नाही."

भाऊंनी मान वर केली नाही. बैलाला म्हणाले, "ऐकलं का रे? घोडा जुना नाही म्हणे."

"पोटॅशनं झालंय ते," मी बुंध्याला सांगितलं.

"तेच तं सांगून धाडलं व्हतं," भाऊ बैलाला म्हणाले. "पह्यल्या दिवशी. म्हटलं, खताची खोली व्हती तिथी निघाला. दर पावसाळ्यात पोते भिजत, जमीन पांढरी होये. आन् म्हटलं, माय सांगे का देवघरातला एक घोडा पाय मोडला म्हणून मातीत बुजला, सोडाले नदीले पाणी नव्हतं त्या साली. कुठी बुजला ते नाही सांगलं तिनं. तोच असंन म्हटलं."

आभाळाकडे, कोपऱ्याकडे आणि घराकडे केलेली ती बोटं मला एकदम समजली. अक्कांवर रागावायचा मला अधिकार नव्हता. त्या दोनदा उन्हातून चालत आल्या होत्या. 'बाकी काय म्हणाले' हे मी एकदा विचारलं होतं, आणि 'पाऊस, पोते' एवढं कानावर पडताच भिंग उचललं होतं.

"मग थांबले कशाला?" मी झाडाला विचारलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. "माहीत होतं तर लावायचे कंद!"

या वेळी भाऊंनी बैलाकडेही पाहिलं नाही. हातातल्या कंदाची माती झाडत म्हणाले, "घरात एवढी शिकेल बाई. तिनं थांबा म्हटलं. तिचं नाही ऐकायचं तं मंग बोलावलं कायले?"

मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसले. वरचे कंद सुकून सुरकुतले होते. खालचे ओल्या पोत्यांनी सडले होते, वास येत होता. मधले काही चांगले होते. विळीने कडेची चकती काढायची; आत पांढरं असेल तर ठेवायचा, तांबूस असेल तर फेकायचा. मी लगेच शास्त्रीय पद्धतीने कामाला लागले. चकती काढायची, उजेडात धरायची, रंग पाहायचा, ठेवायचा.

"तो नको," भाऊ म्हणाले. मी इकडेतिकडे पाहिलं. बैल चरायला गेले होते. "रंग बरा हाये त्याचा. दाबून पाहा. मऊ लागतो."

दाबला. अंगठा आत गेला.

"हो," मी म्हणाले आणि फेकला.

मग आम्ही उजेड असेपर्यंत तेच केलं. 'हा?' 'ठेवा.' 'हा?' 'नाही.' याहून जास्त काही बोललो नाही. चांगल्यांचा ढीग झाला तो फेकलेल्यांहून लहान होता. भाऊ त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, अर्ध्याच्या जरा वर शेत भरंन. उरलेल्यात ज्वारी टाकू. पाणी आहे तर पुढे कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, पाहता येईल. त्यांचा आवाज नेहमीचा होता. मीच दोनदा नाक ओढलं, आणि ते धुळीमुळे होतं असं मी आजही म्हणते.

रात्री मी शेजारच्या मळ्यातल्या बायकांकडे झोपले. सकाळी बैल जुंपले. तो कोपरा आधी नांगरला. मी परत जायच्या गाडीआधी हात लावावा म्हणून एक ओळ घेतली आणि खड्ड्यांत कंद ठेवत, माती दाबत झपाझप पुढे गेले. कामात मी चटपटीत आहे, हे कुणीही मान्य करेल. ओळीच्या शेवटी पोचून वळून पाहिलं, तर भाऊ माझ्यामागून येत होते, गुडघ्यावर बसून, एकेक खड्डा उकरत.

"कोंबाचा डोळा वर पाह्यजे," ते म्हणाले.

मी जवळजवळ सगळी ओळ उलटी लावली होती. मागे फिरले आणि त्यांच्या समोरच्या बाजूने कंद सुलटे करत निघाले.